व्हॅक्यूम पगारे

आमच्या पॉवर स्टेशनात तीन पगारे होते. एक बॉयलर पगारे, एक कँटीन पगारे आणि तिसरे व्हॅक्यूम पगारे. पहिल्या दोघांची नावं कामावरून पडली, तिसऱ्यांचं वेडावरून. मूळ नाव दशरथ, पण ते फक्त हजेरीपटावर आणि सुशीलावहिनींच्या उखाण्यात ऐकू यायचं.

ते टर्बाईनच्या डेस्कवर ऑपरेटर, मी शेजारी बॉयलरच्या डेस्कवर. वयानं मी बराच लहान, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्यांनी मला ‘अरे विलास’ केलं आणि मी त्यांना ‘साहेब’. एकलहऱ्याच्या कॉलनीत आमची घरं समोरासमोर. निवृत्त झाल्यावर दोघांनी जेल रोडला घरं घेतली, तीही एकाच गल्लीत. सुटका अशी काही झालीच नाही. आता ते मुलीकडे नागपूरला राहतात. फोनवर बोलणं होतं. पण मनात त्यांचं चित्र येतं ते नेहमी पाठमोरं, आणि त्याला कारण आहे.

आधी व्हॅक्यूमचं थोडक्यात सांगतो. साहेबांना विचारलं असतं तर थोडक्यात झालं नसतं. वाफ टर्बाईन फिरवते आणि खाली एका अवाढव्य टाकीत जाऊन थंड होते, तिचं पाणी होतं. त्या टाकीला कंडेन्सर म्हणतात. तिच्यातली हवा काढून टाकलेली असते. आत पोकळी, म्हणून वाफ जोरात खाली खेचली जाते. ती पोकळी म्हणजे व्हॅक्यूम. कुठल्याशा सांध्यातून हवा शिरली की व्हॅक्यूम पडायला लागतो, आणि फारच पडला तर मशीन आपोआप बंद होतं. त्याला आम्ही ट्रिप म्हणतो. ट्रिप झालं की सगळे फोन एकदम वाजायला लागतात आणि चहा तसाच राहतो.

‘व्हॅक्यूम आणि इज्जत सारखीच,’ साहेब म्हणायचे. ‘राखायला जन्म जातो, घालवायला एक भोक पुरतं.’ हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की नवीन पोरं ते त्यांच्या आधी म्हणून टाकत. साहेब रागावत नसत. ‘पाठ झालं ना? मग आता खाली जाऊन भोक शोधा,’ म्हणत.

भोक शोधायची त्यांची पद्धत म्हणजे उदबत्ती. व्हॅक्यूमच्या मीटरचा काटा जरा जरी घसरला की साहेब उदबत्ती पेटवून खाली उतरायचे. प्रत्येक जोडापाशी, प्रत्येक व्हॉल्व्हपाशी धरायचे. धूर सरळ वर गेला तर पुढे. धूर वाकून आत ओढला गेला तर तिथे भोक. पद्धत जुनीच, बरेच जण मेणबत्तीनं करायचे. पण साहेब चंदनाशिवाय दुसरी उदबत्ती वापरत नसत. नव्यानं आलेल्या एका इंजिनिअरनं त्यांना असं हात पुढे करून मशीनभोवती फिरताना पाहिलं आणि बिचाऱ्यानं लांबूनच हात जोडले. ‘पूजा चाललीय का?’ त्यानं विचारलं. ‘पूजा नाय साहेब,’ पगारे म्हणाले, ‘चौकशी.’ पुढे दोघांची गट्टी जमली, आणि त्या इंजिनिअरच्या बॅगेतही उदबत्तीचा पुडा दिसायला लागला.

घरीही तेच. कॉलनीत कुणाकडे जामची नवी बाटली आली की ती उघडायला साहेबांना बोलवावं लागे. न बोलवता उघडली तर मनाला लावून घ्यायचे. झाकणापाशी कान नेऊन ते हळूच फिरवायचे. ‘फस्’ असा आवाज आला की, ‘राखलाय. चांगला राखलाय,’ अशी त्या कधीही न पाहिलेल्या कारखान्याला शाबासकी मिळायची. आवाज आला नाही तर बाटली दुकानात परत जायची आणि दुकानदाराला उभ्या उभ्या कंडेन्सर ऐकावा लागायचा. वहिनी म्हणायच्या, ‘माझ्याशी बोलताना यांचा एक कान कुकरकडं असतो. लग्न कुणाशी लागलंय ते मला अजून कळलेलं नाय.’

निवृत्तीनंतर काही वर्षांनी साहेबांच्या कमरेनं असहकार पुकारला. दुखणं कमरेत कमी, पोटऱ्यांत जास्त. गल्लीच्या टोकापर्यंत चालले की दोन्ही पोटऱ्या भरून येत, पाय शिसं ओतल्यासारखे जड होत आणि त्यांना बसावंच लागे. बसले, पुढे वाकले, की थोड्या वेळात सगळं गायब. सायकल मात्र झकास चालवायचे. सायकलवर माणूस पुढे वाकतो आणि वाकल्यावर मणक्यातली जागा जराशी मोकळी होते, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. तोवर गल्लीचा निकाल लागून गेला होता. जो माणूस टुणटुणीत सायकलवर भाजी आणतो तो बायकोबरोबर चालत लग्नाला जायचं म्हटलं की मटकन बसतो, याचा गल्लीनं जो अर्थ लावायचा तो लावला.

‘सोंग नाय रे,’ साहेब मला म्हणाले, ‘लाईन आतून चोकअप हाय.’

लोकांचं बोलणं त्यांनी सोसलं असतं. बुद्धपौर्णिमा मात्र त्यांना सोसवेना. लग्न झाल्यापासून नवराबायको त्या दिवशी सकाळी त्रिरश्मीच्या डोंगरावरच्या लेण्यांत जायचे. शहर त्या डोंगराला पांडवलेणी म्हणतं. साहेबांसमोर तसं म्हटलं की ते न चिडता दुरुस्त करायचे, ‘त्रिरश्मी.’ पांढरे कपडे, वर जाऊन वंदना, खाली आल्यावर पायथ्याच्या झाडाखाली वहिनींच्या हातची खीर. त्या खिरीसाठी मीही दर वर्षी जायचो, पायथ्यापर्यंत.

दुखणं लागलं तसे साहेब त्या झाडाखालीच बसायला लागले. मंडळी वर जाताना पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, अनवाणी चढणाऱ्या बायकांच्या चपला त्यांच्यापाशी ठेवून जायची. पहिल्या वर्षी त्यांनी त्याचाही विनोद केला. ‘चप्पल सेक्शनचा इन्चार्ज’ अशी स्वतःची ओळख करून दिली. दुसऱ्या वर्षी विनोद झाला नाही. वहिनी वर निघाल्या आणि अर्ध्यातून परत आल्या. ‘एकटीनं नाय जमत,’ एवढंच म्हणाल्या आणि खिरीचा डबा उघडायला बसल्या. साहेब त्यांच्याकडे न बघता कुणाच्या तरी चपलांची जोडी नीट लावत राहिले. त्या दिवशी परतताना रिक्षात म्हणाले, ‘विलास, ऑपरेशन करून टाकायचं. पुढच्या पौर्णिमेला मी तिथं बसणार नाय.’

मणक्याचं ऑपरेशन म्हटल्यावर गल्लीत ज्याच्या त्याच्या ओळखीत एक अंथरुणाला खिळलेला माणूस निघाला. साहेब सगळ्यांचं ऐकून घेत आणि सायकलवर टांग मारून निघून जात.

डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या. फोटो दाखवून त्यांनी सांगितलं की कमरेच्या मणक्यात नसा ज्या पोकळीतून जातात ती आवळली आहे. जाड झालेलं हाड आणि पडदा काढून नसांना जागा करून देऊ. साहेबांनी पायांविषयी काही विचारलंच नाही.

‘काढल्यावर तिथं पोकळी राहणार,’ ते म्हणाले. ‘मग तिच्यात काय भरंल?’

डॉक्टरांनी फोटोवरून मान वर केली. ‘रक्त पाझरतं. साठलं तर नसांवर दाब येतो. म्हणून त्याला वाट ठेवावी लागते.’

आणि त्यांनी वाटा सांगितल्या. पाझर फार नसेल तर काहीच न ठेवता जखम शिवायची, थोडंफार शरीरच शोषून घेतं. नाहीतर आत एक बारीक नळी सोडायची आणि तिचं दुसरं टोक पलंगाखालच्या बाटलीत. जे यायचं ते आपल्या उतारानं येतं. किंवा तीच नळी, पण बाटली घडीची, पेटीच्या भात्यासारखी. ती दाबून आतली हवा काढायची आणि झाकण लावायचं. भाता परत उघडू बघतो आणि उघडता उघडता आतलं रक्त खेचून घेतो.

‘म्हणजे कंडेन्सर,’ साहेब म्हणाले.

‘यातलं काय वापरायचं ते आत बघितल्यावर ठरवू,’ डॉक्टर म्हणाल्या. ते वाक्य मी ऐकलं, वहिनींनी ऐकलं. साहेब भात्यापाशीच थांबले होते. दाखल झाल्यावर संध्याकाळपर्यंत त्या खोलीतले दुसरे पेशंट, त्यांचे नातेवाईक आणि जेवणाची गाडी ढकलणारा माणूस यांना कंडेन्सर समजला होता.

ऑपरेशन बरंच लांबलं. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा चेहरा दमलेला होता, पण शांत होता. ‘नसा छान मोकळ्या झाल्यात,’ त्या म्हणाल्या. ‘एक सांगते. नसांभोवती पाण्याची एक पातळ पिशवी असते. ती जाड पडद्याला घट्ट चिकटलेली होती, सोडवताना जराशी फाटली. तिथंच शिवलीय. घडीची बाटली लावलीय, पण तिला ओढ दिलेली नाही, भाता मुद्दाम उघडा ठेवलाय. ओढ दिली तर त्या टाक्यातून पाणी खेचलं जाईल. टाका धरेपर्यंत सपाट झोपू द्या.’ सिस्टरांनाही त्यांनी हेच बजावलं. साहेब भुलीत होते. मध्येच डोळे उघडून त्यांनी वहिनींना ‘काटा किती?’ असं विचारलं आणि पुन्हा झोपले. सकाळी शुद्धीवर आले की समजावून सांगू, असं वहिनींनी आणि मी ठरवलं.

सकाळी मी चहाचा थर्मास घेऊन पोचलो. वहिनी तोंड धुवायला गेल्या होत्या. सिस्टरांनी साहेबांना नुकतंच कुशीवर वळवलं होतं आणि त्या शेजारच्या खोलीत गेल्या होत्या. साहेबांचा चेहरा असा खुलला होता की मला वाटलं, पाय बरे झाल्याचं कळलंय.

‘बरं झालं आलास,’ ते म्हणाले. ‘रात्रपाळीनं घोळ घालून ठेवला व्हता. व्हॅक्यूम पार पडलेला. बाटली ही टम्म. मी रिस्टोर केला.’

कुशीवर होताच त्यांची नजर पलंगाच्या दांडीला लटकणाऱ्या बाटलीवर गेली होती. भाता पूर्ण उघडा. त्यांच्या अख्ख्या नोकरीचा नियम होता की व्हॅक्यूम पडलेला दिसला तर आधी सावरायचा, मग कळवायचं. हात पोचत होता. त्यांनी झाकण उघडलं, बाटली चेपली, झाकण घट्ट लावलं आणि कुणीतरी कळवायला भेटण्याची वाट बघत पडून राहिले.

‘आता आउटपुट बघ,’ ते म्हणाले.

आउटपुट खरंच वाढलं होतं. नळीतून येणारं मात्र रक्तासारखं लाल नव्हतं. तांब्याभर पाण्यात चिमूटभर कुंकू पडावं तसं फिकं होतं. मी थर्मास ठेवला आणि सिस्टरांना हाक मारली. तेवढ्यात साहेबांनी बाटली नीट दिसावी म्हणून डोकं उचललं आणि दोन्ही हातांनी कपाळ धरून पुन्हा उशीवर टेकवलं. ‘डोक्यात घण पडतोय,’ म्हणाले. सिस्टर धावत आल्या. त्यांनी बाटलीकडे एक नजर टाकली, आधी झाकण उघडून ओढ काढली, नळीचा चाप लावला आणि डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टर आल्या. बाटली उजेडाकडे धरून पाहिली. ‘कुणी दाबली?’

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. वहिनी दारातच थबकल्या होत्या.

‘मी,’ साहेब डोळे मिटूनच म्हणाले. ‘व्हॅक्यूम पडला होता.’

‘पडला नव्हता,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘मी सोडला होता.’

साहेबांनी डोळे उघडले. डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, पिशवी, टाका, ओढ. आवाज चढवला नाही. नळीचा चाप सोडून भाता पुन्हा उघडाच लटकवला. टाका धरला तर काही बिघडलेलं नाही, म्हणाल्या. सपाट झोपायचं, डोकं उचलायचं नाही; ते पाणी गळत असलं की उठल्यावर डोकं दुखतं. टाका नाही धरला तर पुन्हा आत जावं लागेल. ‘आणि डोंगर?’ वहिनींनी विचारलं. ‘ते आत्ता बोलू नका,’ डॉक्टर म्हणाल्या.

वहिनी बाहेरच्या बाकावर जाऊन रडल्या. नंतर आत आल्या आणि म्हणाल्या, ‘हात बांधून ठेवीन तुमचे. सगळ्या जगाची भोकं बुजवली, स्वतःचं उघडून बसलात.’ साहेब छताकडे बघत पडले होते. मला भीती वाटत होती, खरं सांगतो. त्या माणसाला पुन्हा त्या झाडाखाली चपलांजवळ बसवायची कल्पनाच मला सोसत नव्हती.

दुपारी कधीतरी ते छताला म्हणाले, ‘विलास, व्हॅक्यूम ब्रेकर.’

मला लगेच कळलं. टर्बाईनला तसा एक व्हॉल्व्ह असतो. बेअरिंग बिघडलं, मशीन तातडीनं थांबवायचं झालं, तर ऑपरेटर स्वतः तो उघडतो आणि कंडेन्सरमध्ये हवा सोडतो. व्हॅक्यूम तुटतो, पाती लवकर थांबतात, मशीन वाचतं. तो व्हॉल्व्ह उघडायला छाती लागते, कारण जन्मभर राखलेली गोष्ट आपल्याच हातानं सोडायची असते.

‘बाईंनी ब्रेकर उघडला व्हता,’ साहेब म्हणाले, ‘आन् मी गाढवानं जाऊन बंद केला.’

तिथून त्यांचं वेड तेच राहिलं, फक्त दिशा उलटी झाली. आता ते त्या उघड्या भात्याचे राखणदार झाले. भेटायला आलेला माणूस पलंगाच्या त्या बाजूला सरकला की ‘लांबून. ब्रेक केलेला हाय,’ अशी तंबी मिळायची. वणीहून त्यांचे मेहुणे आले. सज्जन माणूस; बाटली फुगलेली पाहून म्हणाले, ‘दाजी, हे दाबायचं ऱ्हायलं वाटतं.’ साहेबांनी झोपल्या झोपल्या त्यांचं मनगट असं धरलं की मेहुणे पुढे सगळा वेळ हात मागे बांधून उभे होते. चहा स्ट्रॉनं पाजावा लागे. ‘एवढाच व्हॅक्यूम अलाऊड हाय,’ म्हणत साहेब तो ओढायचे आणि वहिनींना हसू आवरायचं नाही. डोकेदुखी कशी आहे, हे मात्र कुणी विचारायचं धाडस करत नव्हतं.

एके सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. पट्टी कोरडी होती. नळीतून येणं जवळजवळ थांबलं होतं. त्यांनी नळी काढली, तिच्या जागी एक टाका घातला आणि पलंगाचं डोकं थोडं वर करायला सांगितलं. सिस्टर कळ फिरवत होत्या, आम्ही साहेबांच्या तोंडाकडे बघत होतो.

‘डोकं?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘नाय.’

अजून थोडं वर. ‘डोकं?’

‘नाय दुखत.’

शेवटी ते सरळ बसले. चहाचा कप त्यांनी स्वतःच्या हातात मागून घेतला आणि म्हणाले, ‘टाका राखलाय बाईंनी. चांगला राखलाय.’ जामच्या कारखान्यानंतर एवढी शाबासकी मी कुणाला मिळालेली पाहिली नव्हती. डॉक्टर हसल्या.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून त्यांना बाहेर काढलं. पॅसेजच्या मध्यावर भिंतीला एक बाक होता. दाखल व्हायला आले तेव्हा साहेबांना त्याच बाकापर्यंत जेमतेम येता आलं होतं. वहिनी आधीच तिथे जाऊन जागा धरून बसल्या. साहेब आले, बाकापाशी थांबले, खाली वाकून दोन्ही पोटऱ्यांकडे असे बघायला लागले की जणू त्या काही बोलणार होत्या. त्या गप्प होत्या. साहेबांनी वॉकर पुढे टाकला आणि बाक मागे ठेवून खिडकीपर्यंत गेले. वहिनी बसल्या जागी डोळे पुसत होत्या, आणि सिस्टर अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘पगारे काका चालले.’ कुठल्या खोलीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. खिडकीतून साहेबांनी खालचा रस्ता, रिक्षा, पेरूची गाडी सगळं नीट पाहून घेतलं. मग वळून मला म्हणाले, ‘मशीन सिंक्रोनाइज.’ आमच्याकडे मशीन पुन्हा लाईनवर आलं की असं म्हणतात. मी मान हलवली.

पुढच्या बुद्धपौर्णिमेपर्यंत त्यांनी गल्लीच्या येरझाऱ्या घालून घालून गल्लीला शरम आणली. डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हाच खिरीसाठी तांदूळ आले.

त्या सकाळी ते झाडापाशी थांबलेच नाहीत. वहिनींचा हात धरून पहिल्या पायरीवर चढले आणि चढतच राहिले. वळणावर वहिनींनीच ‘जरा दम घेऊ’ म्हटलं, तेव्हा थांबले. मीही त्या वर्षी वर गेलो. ओळखीचे लोक ‘जय भीम साहेब, या वर्षी वर?’ विचारत होते आणि साहेब प्रत्येकाला थांबून ‘जय भीम’ करत होते, थांबायचं कारण दम लागणं नाही हे समोरच्याला दिसेल अशा बेतानं. वर बुद्धमूर्तीसमोर दोघांनी उदबत्ती लावली. धूर सरळ वर गेला. साहेबांनी तोही पाहिलाच.

वंदना झाल्यावर ते लेण्यांच्या बाजूनं हिंडत होते. एका ठिकाणी खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे. भर वैशाखात त्यात पाणी होतं. साहेब उकिडवे बसले. हे बसणं पाहून मला धडकी भरली, पण ते आरामात बसले होते. वरच्या कातळातून पावसाचं पाणी आणणारी एक बारीक कोरीव पन्हळ त्या टाक्याकडे उतरत होती. साहेबांनी तिच्यावरून बोट फिरवत नेलं, वरपासून पार काठापर्यंत.

‘बघ विलास,’ ते म्हणाले. ‘पंप नाय, व्हॅक्यूम नाय. नुसता उतार. दोन हजार वर्षं चालू हाय आन् एक ट्रिप नाय.’

मग गुडघ्यावर हात न टेकता उठले.

खाली आलो. झाडाखाली सतरंजी पडली, डबे निघाले. वहिनींनी खीर वाढायला घेतली आणि डोळ्यांपाशी हात नेला. चष्मा वर राहिला होता, मूर्तीसमोर टेकताना काढून ठेवलेला. ‘राहू दे,’ त्या म्हणाल्या, ‘कुणी येणारं असंल तर आणंल.’ वर जाणाऱ्या बायका तोवर आमच्यापाशी चपला काढून ठेवू लागल्या होत्या. माझे तर पाय थरथरत होते, मी खोडाला टेकून बसलो होतो.

साहेब उठलेच. ‘तू बस,’ मला म्हणाले. ‘चपलांकडं लक्ष ठेव.’

आणि गेले. उन्हात पांढरा सदरा, पाठ ताठ, पुढे न वाकता, कठड्याला हात न लावता, त्याच पायऱ्या दुसऱ्यांदा चढत. वहिनी वाटी हातात धरून बघत राहिल्या. चष्म्याशिवायसुद्धा त्यांना ते दिसत असावेत, कारण सदरा वळणावर दिसेनासा झाला तेव्हाच त्यांनी मला खीर वाढली. ती वाटी बाजूला ठेवून मी आधी समोरच्या चपला जोडीनं नीट लावल्या.